सासूबाईंच्या घराण्याचं मूळ शोधतेय - रादगोंद लाम्बेर नेमकी कुठली? (अकेडिया, १६४० च्या आसपास)

सावनी_मॉन्क्टन:
नमस्कार मंडळी. विषय जरा लांबचा आहे पण इथे जुनी कागदपत्रं वाचणारी, कुलवृत्तांत काढलेली बरीच माणसं आहेत म्हणून धागा काढतेय.

मी कॅनडात न्यू ब्रन्सविकमध्ये मॉन्क्टनला असते. नवरा अकेडियन, म्हणजे १६०० च्या शतकात फ्रान्समधून येऊन आजच्या नोव्हा स्कोशियात वसलेल्या शेतकऱ्यांचा वंशज. १६०५ ला पोर्ट रॉयल वसलं, खरी कुटुंबं यायला लागली १६३० नंतर, आणि १७५५ पासून इंग्रजांनी या सगळ्यांना घरं जाळून जहाजात भरून देशोधडीला लावलं. यांचा राष्ट्रीय दिवस १५ ऑगस्ट, १८८१ सालापासून. त्या दिवशी इथे लोक ताटं-पातेली बडवत रस्त्यावर येतात आणि मी सकाळी आपल्या झेंड्याला सलाम करून संध्याकाळी यांच्याबरोबर पातेलं बडवते, मला दोन्ही मनापासून आवडतं.

तर मुद्दा. सासूबाई ७४ च्या आहेत. त्यांच्या आईचा बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे, त्यात मृत्यूपत्रिका, चर्चची कार्डं, फोटो, आणि एका लिफाफ्याच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेली आई, तिची आई, तिची आई अशी सरळ बायकांचीच ओळ. सगळ्यात वर जाँ ब्लांशारची बायको रादगोंद लाम्बेर आणि तिच्या नावापुढे एकच शब्द, मिकमाक. म्हणजे इथली मूळनिवासी जमात. सासूबाई लहानपणापासून हेच ऐकत आल्यात की आपली मूळ आजी मिकमाक होती आणि त्यांच्यासाठी ती साधी गोष्ट नाहीये, त्या हे सांगताना आवाज खाली करून सांगतात.

मी नेटवर शोधलं तर मी पाहिलेल्या पाच वंशवृक्षांत पाच वेगळ्या गोष्टी. एकात ती सरदाराची मुलगी, एकात फ्रेंच बापाची आणि मिकमाक आईची, एकात फ्रान्समधल्या एका गावात जन्म तारखेसकट. पुरावा कुणीच देत नाही, एकमेकांचं उतरवलेलं दिसतंय. माझ्या हातात पक्कं काय आहे तर दोन शिरगणत्या:

१६७१ पोर्ट रॉयल: जाँ ब्लांशार, शेतकरी, वय ६०, बायको रादगोंद लाम्बेर, वय ४२, सहा मुलं.
१६८६ पोर्ट रॉयल: जाँ ब्लांशार ७५, रादगोंद ६५.

इथून मागे कसं जायचं? कुणाला या काळच्या फ्रेंच कागदांचा अनुभव आहे का?

आंबेमोहोर:
सावनीताई, धागा मस्त आहे. मला फ्रेंच येत नाही पण आमच्या घराण्याची वंशावळ मी त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वहीवरून काढलीय त्यामुळे वयाच्या गडबडी ओळखीच्या आहेत. आधी तुमच्याच आकड्यांची वजाबाकी करून बघा. नवरा १५ वर्षांत १५ वर्षांनी म्हातारा झाला, बरोबर. बायको १५ वर्षांत २३ वर्षांनी?? दोन्हीतलं एक वय चुकलेलंच आहे. मोठ्या मुलाचं वय किती दिलंय १६७१ मध्ये?

सावनी_मॉन्क्टन:
अरे हो की! हे मी इतके दिवस बघून पण दिसलं नव्हतं. सगळ्यात मोठी मुलगी मादलेन, तिचं लग्न झालेलं, मिशेल रिशारची बायको म्हणून वेगळ्या नोंदीत आहे आणि वय २८. आमच्या लिफाफ्यावरची ओळ या मादलेनपासूनच खाली येते.

आंबेमोहोर:
मग झालं की. ४२ वजा २८ म्हणजे आई १४ व्या वर्षी. अशक्य नाही त्या काळात पण १६८६ चं ६५ धरलं तर जन्म १६२१ च्या सुमारास येतो आणि मादलेनच्या वेळी ती २२ ची. ६५ जास्त पटतंय. माझ्या मते १६७१ चा आकडा सोडून द्या.

जुनी_वही:
मी पुण्यात बरीच वर्षं फ्रेंच शिकवलं, रिटायर झाल्यावर जुने हस्तलेख वाचायचा नाद लागला, त्यात अकेडियाची १६७१ ची शिरगणती संपूर्ण वाचलीय. आंबेमोहोर म्हणतायत ते बरोबर आहे आणि कारणही सांगते. ही शिरगणती लोरां मोलां नावाच्या धर्मगुरूंनी घरोघर जाऊन केली. नाव, वय, धंदा, मुलं, गुरं, मेंढ्या, लागवडीची जमीन असं सगळं विचारायचं होतं. लोकांना वाटलं कर बसणार. पिपं बनवणाऱ्या पिएर लानूने निरोप धाडला की मी ठणठणीत आहे, वय सांगणार नाही. एतिएन रोबिशो तर बायकोला सांगून घरातून निघूनच गेला की गुरं नि जमीन काही सांगू नकोस. आणि पिएर मेलांसों या शिंप्याच्या बायकोने मोलांना तोंडावर विचारलं की असल्या गोष्टींसाठी गल्लोगल्ली फिरायला तुम्ही वेडे आहात का. हे सगळं त्या गृहस्थांनी प्रामाणिकपणे शिरगणतीतच लिहून ठेवलंय, मला फार आवडतो हा माणूस. तर अशा कागदावरचं वय म्हणजे कुणीतरी दारात उभं राहून अंदाजाने सांगितलेलं वय, नवऱ्याने बायकोचं सांगितलं असेल तर अजूनच अंदाजे.

आता दुसरं. चर्चच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या वह्या पोर्ट रॉयलच्या १७०२ पासूनच्याच उरल्यात, त्या नोव्हा स्कोशियाच्या अभिलेखागाराने स्कॅन करून फुकट ठेवल्यात, पानाचा फोटो दिसतो. त्याआधीच्या गेल्या. ग्रां-प्रे या दुसऱ्या अकेडियन वस्तीची वही तर हद्दपार झालेले लोक बरोबर घेऊन गेले आणि ती अमेरिकेतल्या लुइझियानापर्यंत पोचली, आज बॅटन रूजच्या धर्मप्रांताकडे आहे. विचार करा, घर सुटलं, गुरं सुटली, आणि कुणीतरी वही उराशी धरून जहाजात चढलं.

पण रादगोंदसाठी तुम्हाला लागणारा कागद वेगळा आहे. बेल-ईलची १७६७ ची निवेदनं. शोधा, मग बोलू.

रानवाटा:
बेल-ईल म्हणजे?

जुनी_वही:
ब्रिटनीच्या, म्हणजे फ्रान्समधल्या ब्रेतान्यच्या किनाऱ्याजवळचं बेट. हद्दपारीत फिरत फिरत फ्रान्सला पोचलेली ७८ अकेडियन कुटुंबं १७६५ ला तिथे वसवली. यांच्याकडे जन्माचा लग्नाचा एकही कागद नाही, म्हणून १७६७ मध्ये प्रत्येक कुटुंबप्रमुखाला शपथेवर आपली वंशावळ तोंडी सांगायला लावली, आपल्या मूळ पुरुषापर्यंत. तो कुठून आला, बायको कोण, मुलं कोण, कोण कुठे मेलं. शंभर सव्वाशे वर्षांची स्मृती. आमची आजी दुपारी अंगणात बसून ‘अमक्याचा तमका, त्याची थोरली तिकडे दिली’ असं जे सांगायची ना, तेच, फक्त समोर कारकून.

गुणसूत्र:
सावनीताई, तुमची ओळ जर खरंच आई-तिची आई-तिची आई अशी एकही पुरुष मधे न येता रादगोंदपर्यंत जात असेल तर कागद सोडून अजून एक वाट आहे. मायटोकाँड्रियल डीएनए फक्त आईकडून येतो, मुलगा-मुलगी दोघांना येतो पण पुढे फक्त मुलगीच देते. सासूबाईंची टेस्ट केली तर ती रादगोंदचीच टेस्ट केल्यासारखी. नेहमीची जी नातेवाईक शोधायची टेस्ट असते तिचा इथे उपयोग नाही, इतकं मागे ती पोचत नाही.

सावनी_मॉन्क्टन:
सॉरी मंडळी, पाच आठवडे गायब होते, रिझल्टची वाट बघत होते. सासूबाईंनी स्वतःहून सांगितलं करायला. आला. एक्स!! मी वाचलं की मूळ अमेरिकन लोकांच्यात ए, बी, सी, डी आणि एक्स असे गट असतात. म्हणजे लिफाफा खरा ठरला ना? सासूबाईंना अजून सांगितलं नाहीये, आधी इथे विचारतेय.

गुणसूत्र:
थांबा थांबा, अजिबात सांगू नका. एक्सच्या पुढे काय लिहिलंय ते बघा. पूर्ण अक्षर-आकडे.

सावनी_मॉन्क्टन:
एक्स२बी. पुढे अजून एक ४ आहे.

गुणसूत्र:
मग ती युरोपातली आहे. मोठा गट एक्स हा दोन्हीकडे सापडतो, त्यामुळे हा घोळ आधी पण कित्येकांचा झालाय. पण फांद्या वेगळ्या आहेत. उत्तर अमेरिकेतल्या मूळ लोकांची फांदी एक्स२ए, युरोपातली एक्स२बी आणि आणखी काही. या दोन फांद्या रादगोंदच्या हजारो वर्षं आधी वेगळ्या झाल्यात. आणि तुमच्या सासूबाई एकट्या नाहीत, रादगोंदच्या इतर मुलींकडून आलेल्या वंशजांच्या टेस्टमध्येही एक्स२बी४ च आलंय. वेगवेगळ्या ओळी एकाच ठिकाणी मिळतात म्हणजे लिफाफ्यावरची नावांची ओळ खरी आहे, पेन्सिलीने लिहिणाऱ्या त्या बाईंनी ओळ अचूक लिहिली होती. फक्त शेवटचा एक शब्द चुकला.

हेच अकेडियातल्या लजन घराण्यातल्या कातरीन आणि एदमे या बहिणींचं झालं, त्यांनाही वर्षानुवर्षं मिकमाक म्हणायचे, टेस्टमध्ये यू६ए निघालं जे उत्तर आफ्रिका आणि नैऋत्य युरोपात सापडतं. उलट रने रेंबोची बायको, कागदावर नुसतीच आन-मारी, आडनाव नाही गाव नाही, तिच्या वंशजांत ए निघालं आणि ती मूळनिवासी होती असं दिसतं.

रानवाटा:
मला हे वाचून वाईट वाटलं. त्या बाईंच्या चार पिढ्या जी गोष्ट सांगत आल्या ती एका टेस्टने पुसायची? लोककथेला काही किंमत नाही का? शिवाय फ्रेंच आणि मिकमाक लग्नं झालीच नाहीत असं तर नाही ना.

गुणसूत्र:
झाली, आणि ती नावानिशी माहीत आहेत. सें-कास्तां या फ्रेंच सरदाराचं लग्न पेनॉबस्कॉट या दुसऱ्या मूळनिवासी जमातीचा प्रमुख मादोकावांदो याच्या मुलीशी झालं. फिलिप मिउस दांत्रमोंच्या मुलाच्या बायका मिकमाक होत्या, त्याची मुलं मिकमाक समाजातच वाढली. क्लोद पतिपाची बायको मारी-तेरेज मिकमाक. ही माणसं खरी आहेत, त्यांचे वंशज खरे आहेत. आणि म्हणूनच चुकीचं नाव पुढे रेटणं मला बरोबर वाटत नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका आजीच्या नावावर आज आम्ही मूळनिवासी म्हणून हक्क मागणारे बरेच निघालेत आणि मिकमाक लोकांनीच त्याला जोरात विरोध केलाय, त्यांची जमीन, त्यांची भाषा, त्यांची माणसं गेलीत.

सावनी_मॉन्क्टन:
रानवाटा, मलाही तेच वाटत होतं आणि म्हणून दोन दिवस मी बोललेच नाही घरात. पण मधल्या काळात जुनी_वही यांनी सांगितलेलं बेल-ईलचं निवेदन सापडलं. जाँ लब्लां नावाच्या माणसाने दिलंय, त्याची बायको फ्रांस्वाज ब्लांशार, जाँ आणि रादगोंदची पणती. म्हणजे पणतजावयाने सांगितलंय. तो म्हणतो जाँ ब्लांशार फ्रान्सहून बायकोला घेऊन आला. म्हणजे ती इथली नाहीच. पण, आणि इथे माझं डोकं चालेना, बायकोचं नाव तो देतो ह्युगेत प्वारिए!! रादगोंद लाम्बेर नाहीच. मग ही दुसरी बायको? का मीच चुकीच्या जाँ ब्लांशारच्या मागे आहे?

जुनी_वही:
मला वाटलंच होतं तुम्ही इथे अडखळणार, सगळेच अडखळतात. दुसरी बायको नाही हो. १६७१ आणि १६८६, दोन्ही शिरगणत्यांत पंधरा वर्षांच्या अंतराने रादगोंद लाम्बेरच आहे. मग ह्युगेत कोण ते बघा. जाँचा मुलगा गियोम, त्याची बायको ह्युगेत गुजों. १६७१ मध्ये ती १४ वर्षांची पोरगी आहे, आंत्वान गुजों आणि जान शेब्रा यांच्या घरात, एकटीच. आता जान शेब्राचं हे दुसरं लग्न. पहिला नवरा जाँ प्वारिए. म्हणजे ह्युगेतचा सावत्र भाऊ प्वारिए, त्याची सगळी पोरंबाळं प्वारिए. शंभर वर्षांनी पणतजावयाच्या डोक्यात सासूची आणि सुनेची जागा एक झाली, आणि सुनेचं माहेर म्हणून त्याला आठवले ते प्वारिए. स्टीफन व्हाइट, ज्यांनी मॉन्क्टनच्याच विद्यापीठात बसून १७१४ पर्यंतच्या अकेडियन घराण्यांचा कोश केला, त्यांनीही हीच शक्यता मांडलीय. साक्षीदार खोटं बोलत नाहीये, त्याच्या घरात ह्युगेत हे नाव खरंच होतं, एक पिढी सरकली एवढंच.

सावनी, एक बघा. या सगळ्या कागदांत बायकांची माहेरची नावं शेवटपर्यंत राहतात. रादगोंद लग्नाला चाळीसेक वर्षं होऊनसुद्धा लाम्बेरच. मी आमचा कुलवृत्तांत उघडते तेव्हा आठ पिढ्या पुरुषांची नावं आणि बायकांपुढे ‘सौ. लक्ष्मी’, ‘सौ. सरस्वती’, ती पण सासरी ठेवलेली नावं. माझ्या पणजीचं माहेरचं नाव घरात कुणालाच सांगता येत नाही. तुमच्या सासूबाईंना मात्र साडेतीनशे वर्षांमागच्या बाईचं खरं नाव माहीत आहे.

तिठा:
वाचतोय, जबरदस्त धागा. बाळबोध प्रश्न, मग फ्रान्समध्ये लाम्बेर आणि ब्लांशारच्या लग्नाची नोंद थेट का शोधत नाही? तिथल्या वह्या आहेत ना?

जुनी_वही:
काहींची सापडते. गियोम त्राहांचं उदाहरण घ्या. लोहारकाम करायचा. १६३६ ला ला रोशेलहून निघालेल्या सें-जाँ जहाजाच्या यादीत तो बायको, दोन मुलं आणि एका नोकरासकट आहे, आणि यादीतच लिहिलंय बुर्गयहून आलेला. गाव माहीत म्हणून शोध लागला, शिनोंच्या चर्चमध्ये १३ जुलै १६२७ ला फ्रांस्वाज कोर्बिनोशी लग्न. मजा बघा, १६७१ च्या शिरगणतीत त्याचं वय साधारण ६० दिलंय, म्हणजे लग्नात तो १६ चा ठरतो! पुन्हा वयाचा अंदाजच. त्याची दुसरी बायको मादलेन ब्रँ मात्र शिरगणतीत २५ ची आणि तिचा बाप्तिस्मा ला शोसे नावाच्या गावात १६४५ चा सापडलाय, जवळजवळ तंतोतंत.

हे ला शोसे लुदँजवळचं छोटंसं गाव, अकेडियाचा गव्हर्नर दोल्नेच्या आईची जहागीर त्याच भागात. १९५०-६० च्या दशकात जनव्हिएव्ह मासिन्यों या भाषा अभ्यासक बाईंनी अकेडियन बोलीचं मूळ शोधता शोधता तिथल्या वह्या वाचल्या आणि अकेडियात दिसणारी बरीच आडनावं तिथे सापडली. पण तिथून एक खोड लागली, ज्याचं मूळ गाव माहीत नाही त्याला लोक सरळ ला शोसे लावून टाकतात. आडनाव जुळलं म्हणजे माणूस जुळला नाही. ब्लांशार आणि लाम्बेर ही फ्रान्समध्ये आपल्या जाधव-शिंद्यांसारखी नावं आहेत, कुठेही सापडतील. यांच्या लग्नाची नोंद सापडलेली नाही. तारखेसकट जन्मगाव दिसलं की समजा कुणीतरी भरलंय.

पणजीकर:
मी गोंयचा, घराण्यातले निम्मे ख्रिस्ती निम्मे हिंदू, त्यामुळे चर्चच्या वह्यांत बरेच दिवस काढलेत. एक युक्ती सांगतो जी तिकडेही चालेल कारण नियम रोमचाच आहे. कॅथॉलिकांत त्या काळी चौथ्या पायरीपर्यंतचं नातं असेल तर लग्न बंद असायचं, आपल्याकडे सपिंड बघतात तसंच. पायरी मोजायची समान पूर्वजापासून, आईबाप समान ती पहिली, आजोबा दुसरी, पणजोबा तिसरी, खापरपणजोबा चौथी. लहान गावात सगळेच नात्यातले, मग बिशपकडून सूट घ्यावी लागायची आणि ती सूट पाद्री लग्नाच्या नोंदीत लिहायचा. १७३० च्या लग्नात ‘तिसरी नि चौथी पायरी’ दिसलं तर एकाचे पणजोबा आणि दुसऱ्याचे खापरपणजोबा एकच होते, म्हणजे १६५० च्या आसपासचं, वही नसलेल्या काळातलं भावंडांचं नातं तुमच्या हातात आलं. माझ्या पणजोबांचं कोडं मी असंच सोडवलं.

अजून एक. या लोकांच्या शेतीबद्दल वाचत होतो तर अंगावर काटा आला. खाऱ्या पाणथळीला बांध घालायचा आणि बांधात लाकडी नळ, त्याला झडप, ओहोटीला गोडं पाणी बाहेर जातं, भरती आली की पाण्याच्याच जोराने झडप बंद. ही तर आमची खाजन शेती आणि मानस! दोन समुद्रांच्या दोन टोकांना तीच अक्कल.

सावनी_मॉन्क्टन:
हो अगदी तीच! इथे त्याला अबुआतो म्हणतात. गियोम ब्लांशार, तोच ह्युगेतचा नवरा, १६९८ ला आमच्या पतिकोदियाक नदीवर जागा बघायला आला आणि खाली हिल्सबरोच्या बाजूला ब्लांशारांची वस्ती झाली. आमच्या घरापासून नदी दहा मिनिटांवर आहे. चॉकलेटी चिखलाचं पाणी, दिवसातून दोनदा भरतीची लाट उलटी वर चढत येते.

काल सासूबाईंना तिथे बाकावर बसवून सगळं सांगितलं. मी घाबरले होते. एक्स२बी सांगितलं, त्या गप्प. मग शिरगणतीच्या पानाची प्रिंट दिली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा वर करून कागद डोळ्यांजवळ नेला आणि मोठ्याने वाचलं, रादगोंद लाम्बेर. दोनदा. मग म्हणाल्या, आईने मिकमाक का लिहिलं असेल सांगू, आमच्याकडे लहानपणी एक मिकमाक बाई टोपल्या विकायला यायची, आई तिला घरात बसवून चहा द्यायची, शेजारच्या बायका नावं ठेवायच्या. पुढे काही बोलल्या नाहीत. घरी आल्यावर डबा काढला, लिफाफ्यावरचं पेन्सिलीचं काही खोडायचं नाही म्हणाल्या, खाली वेगळा कागद जोडायचा. मी फ्रेंचमध्ये लिहिलं: जाँ ब्लांशार आणि रादगोंद लाम्बेर, दोघं फ्रान्सहून आले, जन्म तिचा १६२१ च्या सुमारास, गाव आणि पुढे रिकामी जागा. ती रेघ त्यांनी पट्टी लावून स्वतः ओढली.

पणजीकर, तुमच्या पायऱ्यांवरून मी काल रात्री पोर्ट रॉयलच्या वहीत आमच्याच ओळीतलं १७२० नंतरचं एक लग्न काढलं. सूट आहे नक्की, पण शाई फुटलीय आणि पाद्र्याचा लांब एस एफसारखा दिसतो, ‘तिसरी’ आहे की ‘दुसरी’ तेच लागत नाहीये. जुनी_वही, पानाचा फोटो टाकला तर बघाल का?

जुनी_वही:
टाका की लगेच. फक्त ती ओळ नको, सगळं पान टाका, त्याच पाद्र्याने दुसरीकडे ‘तिसरी’ कसं लिहिलंय ते शेजारी ठेवून बघते.